मदत हवी आहे: रायझर पाइप (समुद्रतळावरचा माल जहाजापर्यंत वर नेणारा उभा पाइप) बंद पडला तर नोड्यूल (समुद्रतळावरचे धातूयुक्त गोटे) कुठे जाणार?

पॅसिफिक महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात बॉक्स कोअरर (तळाच्या गाळाचा चौकोनी नमुना कापून आणणारं यंत्र) आणि कॅमेऱ्याने दर चौरस मीटरला किती किलो नोड्यूल, हे बऱ्यापैकी कळतं (गाळात पुरलेले कॅमेऱ्यात येत नाहीत, ते सोडून). 2022च्या चाचणीत 4.3 किमी पाइपातून 3,000 टनांहून जास्त माल वर आला. पण चाचणी वेगळी, महिनोन्‌महिने सलग उत्पादन वेगळं.

अडतंय ते इथे: एअर-लिफ्टचा (पाइपात हवा सोडून माल वर उचलायची पद्धत) कॉम्प्रेसर अचानक बंद पडला की पाइपातला सगळा माल खाली बसून बूच तयार होतं. तळाशी डंप व्हॉल्व्ह (माल बाहेर सोडून देणारी झडप) द्यावा, की नोड्यूलचं प्रमाणच कमी ठेवून पाण्याचा वेग वाढवावा? वेग वाढवला तर घासून भुगा होतो, आणि तो जहाजावरून परत सोडलेल्या पाण्यातून पुन्हा समुद्रात जातो. मोठ्यात मोठ्या नोड्यूलच्या बुडण्याच्या वेगाच्या किती पट वेग धरता?