पुढची अलॉय चाकं ब्रेकच्या भुकटीनं काळी पडतात, काय करावं?

दर्यापूरचा मास्तर:
नमस्कार मंडळी. घर दर्यापूरला, शाळा धारणीकडे. शनिवारी हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत घाट उतरून घरी येतो. गाडी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. घरी पोचेपर्यंत पुढच्या चाकांवर काजळी, मागची मात्र स्वच्छ. नुसत्या पाण्यानं निघत नाही, खाली तांबूस थर राहतो. त्यात आमचं बोअर खारपाणपट्ट्यातलं, वाळलं की पांढरे डाग. साळा म्हणतो, चिंचेनं घासा. घासू का? की पॅडच बदलू? डावं चाक उजव्यापेक्षा जास्त काळं होतं, ते बहुतेक रस्त्याच्या कडेच्या धुळीमुळे असावं.

कपाशीवाला:
चाकाच्या आतून बसवायच्या गोल तबकड्या येतात सर. भुकटी आतच अडते. ऑनलाइन पाहा.

पाना-पेंचिस:
तबकडी नोका लावू गुरुजी. डिस्कले हवा लागली पाह्यजे. घाटात ब्रेक तापते अन् हवा अडवली त मंग पाय दाबूनही गाडी लवकर थांबत नाही. चाक काळं राह्यलं तरी चालते.

पह्यले डावं चाक पाहा. कडेची धूळ मातीच्या रंगाची राह्यते, ही भुकटी पॅडची अन् डिस्कची होय. डिस्क बिडाची, तिचा कीस चाकावर बसून गंजते, म्हणून तुमचा थर तांबूस. एकाच चाकावर जास्त येते म्हणजे तिथला पॅड सुटत नसंल. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पिना सुकल्या का पॅड डिस्कले घासतच राह्यते. सपाट जागेवर गाडी उभी करा, मागच्या चाकांले उटी लावा, जॅकवर दोन्ही पुढची चाकं आळीपाळीनं हातानं फिरवा. डावं जड फिरलं त गॅरेजात न्या. पिनले ब्रेकचंच ग्रीस लागते. साधं ग्रीस लावलं का रबर फुगते अन् दुखणं वाढते.

आता उतरायचं. ज्या गेअरवर घाट चढता, त्याच गेअरवर उतरा. आपल्याकडं लोकं पेट्रोल वाचते म्हणून न्यूट्रल करतात. फ्यूल इंजेक्शनची गाडी गेअरमध्ये, ॲक्सिलेटरवरून पाय काढून उतरत असली का पेट्रोल जवळपास बंदच करते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवाले पेट्रोल जाते, अन् सारा भार ब्रेकवर.

पॅड संपत आले असतील त सिरॅमिक घ्या. भुकटी कमी अन् फिक्या रंगाची, चाकावर दिसत नाही. महाग आहेत. चांगले पॅड नुसते रंगापायी काढू नोका.

चिंच राहू द्या. संडास धुवाचं ॲसिड त त्याहून नाही, अलॉयवरचा पारदर्शक थर जाते अन् मंग धातूच खराब होते. चाक थंड झाल्यावर गाडीचा शाम्पू, मऊ ब्रश. तांबूस डागाले आयर्न रिमूव्हर मारा, जांभळं वघळते ते पाहून घाबरू नोका, लोखंडाशी लागलं का तसंच होते. ते वाळू न देता धुवा. तुमच्या खाऱ्या पाण्यानं धुवा बेशक, पण शेवटी एक बादली गोड्या पाण्याची, अन् लगेच कपड्यानं पुसा. कोरड्या चाकावर व्हॅक्स लावलं का पुढच्या खेपीले भुकटी चिकटत नाही तेवढी.

दर्यापूरचा मास्तर:
भाऊ, जॅक लावून पाहिलं. उजवं सहज फिरतं, डावं खरंच अडतं, हाताला जोर लागतो. उद्या दाखवतो. मागचं ड्रम उघडून साफ करायला सांगू का सोबतच? तिथं काळं काहीच दिसत नाही.

पाना-पेंचिस:
दिसत नाही कारण ते आतच साचते. उघडाले सांगा, शूचं लायनर, म्हणजे ड्रमले आतून घासणारा थर, तोही पाहून होईल. फक्त पोराले कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नोका. भुकटी उडून नाकातोंडात जाते, अन् जुन्या लायनरमध्ये फुप्फुसाले घातक ॲस्बेस्टॉस राह्यचं. ओल्या कपड्यानं पुसाले लावा. अन् डावा पॅड जास्त झिजला असंल त पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड संगच बदला, एका बाजूचे नाही. नाही त ब्रेक मारला का गाडी एकीकडं ओढते.