शोरूममधूनच गाडीचं कर्ज काढलं? काय झालं ते लिहा

आर्वी, धागा काढणारा

आमच्याकडे कापूस घरात यायच्या आधी गाडी दारात येते. दसऱ्याचा मुहूर्त चुकवायचा नसतो ना! मागच्या दसऱ्याआधी मीही एका शोरूममध्ये जाऊन बसलो. पोरानं पाणी दिलं, चहा दिला आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, महिन्याले किती झेपते?" किमतीची गोष्ट नाही, व्याजाची नाही. मी म्हटलं, अकराएक हजार. मग दोन तास सगळं गणित त्या अकरा हजारांभोवतीच फिरलं. पाच लाख कर्ज, पाच वर्षं, व्याज ७ टक्के, हप्ता ११,२५०. गावच्या बँकेनं ९ टक्के सांगितले होते, म्हणून मी खुशीत सह्या ठोकल्या. किती कागद होते ते मोजलेही नाहीत.

घरी आल्यावर बारावीतल्या पोरीनं वही घेतली. "बाबा, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडणार, मग शेवटच्या वर्षीही पूर्ण पाच लाखांवरच व्याज कसं?" ते ७ टक्के फ्लॅट होते, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर. वर्षाला ३५,०००, पाच वर्षांत १,७५,०००. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच, धरलं तर हाच दर साडेबारा टक्के होतो. बँकेच्या ९ टक्क्यांनी हप्ता १०,३७९ बसला असता. म्हणजे पाच वर्षांत बावन्न हजार जास्तीचे.

वाईट याचं वाटतं की खरा दर माझ्याच हातात होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं प्रत्येक नव्या किरकोळ (घर-गाडीसारख्या) कर्जासोबत एक तपशीलपत्र सक्तीचं केलंय, केएफएस म्हणतात त्याला. सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो ते त्यात लिहावं लागतं, आणि तेही ग्राहकाला समजेल अशा भाषेत. माझ्या गठ्ठ्यात ते पान इंग्रजीत होतं. खाली माझी सही.

तुमचं काय झालं ते लिहा. शोरूमचं किंवा फायनान्सवाल्याचं नाव टाकू नका, तालुका चालेल. ट्रॅक्टरवालेही या.

मोर्शी, संत्रावाला

व्याजाचं सोडा भाऊ, मले विम्यात घोळत होते. कोटेशनवर विमा ४३,०००. माहा साळा विम्याचं काम करते, त्यानं तेच सगळं ३१,००० त सांगितलं. शोरूमवाला म्हणे, "बाहेरचा विमा लावला त फाइल पास नाही होत." मी म्हटलं, बरं, हेच कागदावर लिहून दे बाप्पा, शिक्का मारून. पोट्टं आत गेलं, मॅनेजरले भेटून आलं न् म्हणे, "चालते काका." नव्या कारले तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतेच, सप्टेंबर २०१८ पासून तसा नियम आहे. पण तो कोणाकडून घ्यायचा हे आपल्या हातात असते. बारा हजार वाचले. त्यातले पाच साळ्याच्या पोराच्या बारशात गेले, ते येगळं.

पुसद, शिक्षिका

हप्त्याची तारीख ५. आमचा पगार पाचच्या आत झाला तर पेढे वाटावेत अशी स्थिती. सही करतानाच मी १५ तारीख मागितली. "मॅडम, नंतर बदलून देऊ." नंतर फोन लावला की शोरूम म्हणतं फायनान्सवाल्याला विचारा, फायनान्सवाला म्हणतो शोरूमला. तीनदा हप्ता परत गेला. प्रत्येक वेळी माझ्या बँकेनं दंड कापला, शिवाय फायनान्सवाल्यानंही लावला. शेवटी दुसऱ्या खात्यात दोन हप्त्यांचे पैसे कायम पडून ठेवायला लागले.

लाखनी

मॅडमचा पगार उशिरा का होईना, दर महिन्याला येतो. आमचा धान वर्षातून एकदा. ट्रॅक्टरला सहामाही हप्ता होता, कधी अडलं नाही. कारलाही तसाच लावून देतो म्हणाले, कागदावर मात्र मासिक. सप्टेंबरात माझ्याकडे काय असतं? चिखल.

घुग्घुस

एका गाडीसाठी शोरूमनं माझी फाइल पाच फायनान्सवाल्यांकडे टाकली. मला पत्ता नाही, मी संमतीच्या एका कागदावर सही केली होती तेवढीच. सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी; वर्षातून एकदा तिचा रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढल्यावर ओळीनं पाच चौकश्या दिसल्या. स्कोअरही घसरलेला. गाडी घेतलीच नाही.

वरोरा, शेती

सगळे शिव्या घालताहेत म्हणून उलटं लिहितो. बँकेत मी चार चकरा मारल्या. तीन वर्षांचे आयटी रिटर्न आणा म्हणाले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मी कधी रिटर्न भरलेच नाहीत, आणू कुठून? शोरूमच्या फायनान्सवाल्यानं सातबारा पाहिला, घरी येऊन बैल-गोठा पाहिला आणि आठवड्यात पैसे दिले. दर महाग आहे, माहीत आहे. पण बाप आजारी होता आणि नागपूर शंभर किलोमीटर.

चिखली

माझी कटकट कर्ज फिटल्यावर सुरू झाली. शेवटचा हप्ता २०२१ ला भरला. एनओसी (कर्ज फिटल्याचं फायनान्सवाल्याचं पत्र) आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती पोस्टानं आल्या, मी आनंदानं देवघराच्या खणात ठेवल्या. मला वाटलं, झालं. गेल्या वर्षी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक पक्कं, इसारही आला. त्यानं आरसी पाहिली तर अजून फायनान्सवाल्याचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढलेला. तो आपोआप उतरत नाही, कागद घेऊन आरटीओत आपणच उतरवायचा असतो. हे शोरूमनं बोजा चढवताना कशाला सांगावं! खणातली एनओसी काढली तर तिच्यावर ९० दिवसांची मुदत छापलेली. नवीन आणायला गेलो तर बुलडाण्याची शाखाच बंद. तिथं आता चपलांचं दुकान आहे. दुकानदार बिचारा म्हणाला, तुमच्यासारखे आठवड्याला दोन येतात. मेलवर मेल, दीड महिन्यानं पत्र आलं. तोवर गिऱ्हाईक गेलं. गाडी अजून दारातच, आरसी मात्र एकदम स्वच्छ.

अमरावती

मी सहा वर्षं शोरूममध्ये फायनान्सच्या टेबलावर होतो, आता सोडलंय. आमच्याकडून कर्ज झालं की शोरूमला फायनान्सवाल्याकडून टक्का मिळायचा, आम्हाला इन्सेंटिव्ह. म्हणून "किती झेपते" हे विचारायला शिकवलं जायचं. आकडा कळला की वर्षं वाढवून कोणतीही गाडी त्यात बसते. बँकेचं मंजुरीपत्र घेऊन गिऱ्हाईक आलं की आमचं तोंड उतरायचं. तेव्हा पत्र असलं तरी लगेच दाखवू नका, आधी गाडीचा भाव पक्का करा. वरोऱ्याच्या भाऊंचंही खरं आहे. रिटर्न नसलेल्या माणसाला आम्हीच दिलं.

मूर्तिजापूर

सोमवारी सहीला जातोय. ते तपशीलपत्र मराठीत मागतो. देतात का पाहू.

आर्वी, धागा काढणारा

दिलं का?

मूर्तिजापूर

नाही दिलं. "सिस्टममध्ये इंग्रजीच येते." मग म्हटलं, वाचून दाखवा, एकेक ओळ, मराठीत. पाऊण तास लागला, पोरगं घामाघूम. साडेसात सांगितलेला दर तेरांच्या वर निघाला. सही न करता उठलो. बायको दोन दिवस बोलली नाही. गाडीपुढं फोडायचा नारळ आज भाजीत घातला.