पाठीचं दुखणं आणि राईड्सची हौस: तुमचे अनुभव लिहा

आडवाट
परवा भाचीने विचारलं, "मावशी, या वेळी तरी बसशील ना गं राईडमध्ये?" आणि जुनं सगळं वर आलं. शाळेत असताना कणा वाकडा म्हणून ऑपरेशन झालं, पाठीत रॉड आहेत. त्यानंतर प्रत्येक सहलीत माझी नेमणूक ठरलेली, सगळ्यांच्या पिशव्यांपाशी. मोठी झाल्यावर एकदा सर्जननाच विचारलं, रोलर कोस्टरमध्ये बसू का? ते म्हणाले, "कुठल्या?" हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता! त्यांचं म्हणणं, नुसत्या उंचीने नि वेगाने कण्याचं फार बिघडत नाही. बिघडतं ते हिसक्याने, पिळाने आणि वरून बसणाऱ्या दाबाने. रॉडने जोडलेला भाग हलत नाही, पण त्याच्या वरचे-खालचे मणके त्याच्याही वाटणीचं काम करत असतात. जपायचं त्यांना.
आता मी आधी खाली उभी राहून एखादी फेरी बघते. गाडी नाही, माणसांची डोकी. सगळी एका लयीत झुकत असतील तर बसते. खटाखट डावी-उजवीकडे आपटत असतील तर पिशव्या झिंदाबाद.
मणका, मान, ठिसूळ हाडं, काहीही असो. लिहा.

रूळावरचा
डोकी बघायची आयडिया भारी आहे. माझी एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली. लाकडी कोस्टर कायमचे बंद, फार खडखडतात. स्टीलचा गुळगुळीत असेल तर चालतो, पण शेवटचा डबा नको. उतारावर पुढचे डबे त्याला खेचतात, तोच सगळ्यात जास्त फेकला जातो. मधली ओळ धरायची, आणि विचारून चाकाच्या डोक्यावरची सीट टाळायची. पाठ-डोकं मागे टेकलेलं, पाय फळीवर. वाकून फोन काढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

चष्मिष्ट
चष्मा कुठे ठेवता हो सगळे?

सुमती_के
माझा हाडांचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीतला आकडा, उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मणका दबायला पडावंच लागतं असं नाही, बसता बसता आपटलात तरी पुरे. त्यामुळे वरून धाडकन सोडणारे टॉवर आणि बंपर कार बाद. नातू हिरमुसला होता, आता त्याला धडका द्यायला त्याचा बाप जातो. मी मोठ्या पाळण्यात. पण एक सांगते, काही पाळणे माणसं चढता-उतरताना थांबतच नाहीत, हळू फिरत राहतात. मी आधीच सांगते, "दादा, थांबव, मग चढते." थांबवतात. लाजायचं कशाला?

टिवल्याबावल्या
काकू, पाळणा म्हटला की मला राहवत नाही. पहिला फेरिस पाळणा १८९३ ला शिकागोच्या प्रदर्शनात उभा राहिला, २६४ फूट! एकेका डब्यात साठ माणसं मावायची. विषयांतराबद्दल क्षमस्व.

सुमती_के
साठ माणसांत चढायचं म्हणजे माझं एक हाड तरी गेलंच असतं 😄

पाणकोंबडी
पाण्याच्या घसरगुंड्या राहिल्या की! पाणी आहे म्हणून मऊ वाटतं, पण खाली पोचताना दाब थेट माकडहाडावर. ट्यूबमध्ये बसलं की बुड भोकातून लोंबतं आणि शेवटच्या उथळ पाण्यात तळाला घासतं. कंबर जरा उचलून धरायची. ज्यांना ती उचलवत नाही त्यांनी संथ वाहणाऱ्या पाण्यातच तरंगावं, मी तेच करते. कुकर झाला, नंतर लिहिते.

बांबू
अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. माझे मणके एकमेकांना चिकटलेत. लोकांना वाटतं चिकटला म्हणजे पक्का झाला. उलट आहे, तो ठिसूळ होतो, साध्या पडण्यानेही मोडू शकतो. म्हणून मी एकाही हिसक्याच्या राईडला जात नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. मान वळत नसल्याने सगळ्या फोटोंत मी फार विचारी दिसतो.

आडवाट
@बांबू 😂 पिशव्यांपाशी जागा राखून ठेवते.

सायलीची_आई
लेकीला डाउन सिंड्रोम आहे. या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून मान झटकणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चाल बदलली, मान तिरकी धरायला लागली, हातातली वस्तू पडायला लागली तर लगेच दाखवायचं. ती घोड्यांच्या चक्रावर खूश असते. उतरायलाच तयार नसते, रडारड माझी होते.

धुसफूस
मला कंबरपट्टा बघून ऑपरेटरने राईडवरून उतरवलं. सगळ्यांसमोर. एवढा राग आला!

रूळावरचा
राग येणारच. पण जाड पट्ट्यावर दांडा नीट बसत नाही, आणि पट्ट्याने हिसका थांबतही नाही. बाहेर फलकावर पाठ-मानेचं दुखणं असल्यास बसू नये असं लिहिलेलं असतं, मग तो बिचारा काय करणार?

धुसफूस
बिचारा वगैरे काही नाही. हळू आवाजात सांगता आलं असतं.

सायलीची_आई
+१

उभी_रांग
माझी पाठ राईडने नाही, रांगेने जाते. तासभर उभं राहिलं की पाय सुन्न. आता मी गेटवरच विचारते, बसून वाट बघायची काही सोय आहे का. काही ठिकाणी वेळ लिहून देतात, तेव्हा परत यायचं. नवरा रांगेत, मी बाकावर. संसारात पहिल्यांदाच कामाची वाटणी बरोबर झाली.

फिजिओ_बाई
दुसऱ्या दिवशी स्नायू आखडणं वेगळं. पण राईडनंतर पायातली ताकद गेली, मांड्यांच्या आत किंवा बसायच्या जागी बधिर झालं, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर शेकत बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

चष्मिष्ट
चष्मा??

पाणकोंबडी
दोरी लाव रे बाबा. नाहीतर चेनच्या खिशात.

नवी_पाठ
माझं मणके जोडायचं ऑपरेशन याच वर्षी झालंय. मैत्रिणी चला म्हणतायत. काय करू?

आडवाट
हाड पूर्ण जुळलंय का ते एक्स-रे बघून सर्जनच सांगतील, इथे कुणी सांगू शकत नाही. जाताना राईडचा व्हिडिओ फोनवर घेऊन जा, सीटवरून काढलेला. "रोलर कोस्टर चालेल का" विचारलंस तर नाहीच म्हणतील. व्हिडिओ बघितला की नेमकं बोलतात. माझ्या सर्जननी तर एक व्हिडिओ दोन वेळा बघितला, बहुतेक स्वतःसाठी.

नवी_पाठ
बुधवारची वेळ आहे. व्हिडिओ शोधते.