१९५७ सालची सर्वांत मोठी घटना: नवा पैसा की आणखी काही?

कीर्दवाला

आमच्या आजोबांच्या किराणा दुकानाची १९५७ सालची कीर्द माझ्याकडे आहे. वही दिवाळी पाडव्याला सुरू झालेली असल्यामुळे १ एप्रिल तिच्या ऐन मध्यावर येतो. ३१ मार्चपर्यंत चार आण्यांसाठी एक उभी रेघ, आठ आण्यांसाठी दोन, बारा आण्यांसाठी तीन असा जुना रिवाज आहे. दुसऱ्या दिवशीच्या पानावर मात्र त्याच हाताने, जरा बिचकत, रुपयांपुढे टिंब देऊन नवे पैसे मांडलेले आहेत. सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै यांचा रुपया एका रात्रीत शंभर नव्या पैशांचा झाला. माझ्या मते त्या वर्षातली सामान्य माणसाच्या हाताशी थेट भिडलेली घटना हीच होय. त्या नाण्यावर ‘रुपये का सौवां भाग’ असे छापावे लागले होते, यावरूनच लोकांना किती समजावावे लागले असेल याची कल्पना येते.

पेठेतला मतदार

हे मुळीच पटत नाही. नाणे दिल्लीहून आले आणि लोकांनी ते खिशात टाकले, यात लोकांचे कर्तृत्व कोणते? त्याच वर्षीच्या निवडणुकीत, मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत जो कौल मिळवला, तो लोकांनी स्वतः दिलेला होता. पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारखा मोहरा ना. ग. गोरे यांच्याकडून पडला, मुंबईतून डांगे लोकसभेत गेले आणि दादरमधून अत्रे विधानसभेत. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांच्या बळावर मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद यशवंतरावांकडेच राहिले हे खरे. परंतु ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, तेव्हा समितीने केलेली निदर्शने दुर्लक्ष करण्याजोगी उरली नव्हती. १ मे १९६० ची वाट याच सालातून जाते. दशमान नाणे आज ना उद्या आलेच असते.

आकाशवेडा

आपण दोघेही जमिनीवरच आहात! ४ ऑक्टोबरला ८३.६ किलो वजनाचा, जेमतेम ५८ सेंटिमीटर व्यासाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि सुमारे ९६ मिनिटांत एक फेरी पुरी करू लागला. माणसाने घडवलेली वस्तू प्रथमच कक्षेत गेली, यापुढे नाण्याची आणि मतपेटीची काय मातब्बरी? जाता जाता एक गैरसमज दूर करतो: ‘स्पुटनिक डोळ्यांनी पाहिला’ असे सांगणाऱ्या बहुतेकांनी पाहिला तो त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा मोठा भाग, तो गोळा नुसत्या डोळ्यांना दिसणे अवघड होते.

कीर्दवाला

स्पुटनिकचे मोठेपण मान्य आहे, पण त्याने आमच्या गल्लीतल्या कोणाचा हिशेब बदलला नाही. मतदाराचे ‘आज ना उद्या आलेच असते’ हे विधान मात्र तपासायला हवे. याच सरकारने अवघे दहा दिवस आधी, २२ मार्च १९५७ रोजी, मेघनाद साहा समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका लागू केली. तो दिवस होता १ चैत्र १८७९. आज ती राजपत्रात आणि आकाशवाणीच्या निवेदनात भेटते. घरोघरी मुहूर्त पाहतात तो जुन्या चांद्र पंचांगातच. एकाच सरकारच्या दोन सुधारणांपैकी एक रुजली आणि दुसरी रुजली नाही, तेव्हा नाण्याचे रुजणे ठरलेलेच होते असे कसे म्हणणार?

शिवाय जे गेले तेही लहान नव्हते. रुपयाला शेर असेल तर आण्याला छटाक, कारण दोन्हीकडे सोळाच भाग. हा हिशेब अक्षरशत्रू गिऱ्हाइकालाही तोंडी येत असे. पावकी, निमकी, सवाकी, दीडकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची घोकून पाठ केलेली संपत्ती हळूहळू निरुपयोगी झाली. आण्याचे खरे तर सव्वासहा नवे पैसे होत. सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस आणि चारला पंचवीस असे आकडे धरलेले होते. म्हणजे आण्याची पुडी चार वेळा वेगवेगळी घेतली तर चोवीस आणि एकदम घेतली तर पंचवीस! एखादा दुकानदार आण्याला सरळ सात मागू लागला, की भांडण ठरलेले.

पेठेतला मतदार

दिनदर्शिकेचा दाखला उलट माझ्याच बाजूचा आहे. ती वापरली नाही तरी कोणाचे अडत नव्हते. नाण्याचे तसे नाही, टांकसाळ जे पाडील तेच अखेर बाजारात चालणार. समितीला मत देण्याची मात्र कोणाचीही सक्ती नव्हती, किंबहुना समोर प्रबळ सत्ताधारी पक्ष उभा होता. सक्तीने बदललेली सवय आणि स्वेच्छेने दिलेला कौल यांना एकाच तराजूत घालू नये. आणि आणा तरी कुठे गेला? गोष्ट अजूनही ‘सोळा आणे खरी’च असते.

कीर्दवाला

सक्तीचा मुद्दा अर्धाच मान्य करतो, कारण जुनी नाणीही काही वर्षे त्याच गल्ल्यात चालत होती आणि नाण्याच्या नावातले ‘नया’ १ जून १९६४ रोजी गळले. पण आपण आण्याचा विषय काढलात म्हणून आजोबांची उधारीची वही पुन्हा उघडली. कीर्दीत १ एप्रिलपासून टिंब आले असले, तरी उधारीच्या खात्यांवर पुढची दोन वर्षे उभ्या रेघाच आहेत. गिऱ्हाईक आण्यांतच बोलत होते, आणि आजोबा त्याच्या समोर त्याच्याच भाषेत लिहीत होते.