अनुभव धागा : न पटणाऱ्यांच्या हक्कासाठी बोलण्याची वेळ आली तेव्हा

नौपाडेकर
सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका सदस्यांनी टाकलेल्या राजकीय मजकुरावरून त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करावी, अशी सूचना काल आली आणि मला नोव्हेंबर २०१२ आठवला. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, तिच्या मैत्रिणीने ते 'लाइक' केले आणि दोघींनाही अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. मी शिवसेनेच्या शाखेत वाढलेला माणूस आहे आणि तो मजकूर मला आजही खुपतो. तरीही अटक करण्यासारखे त्या मुलींनी काही केलेले नाही, असे मी तलावपाळीच्या कट्ट्यावर बोललो. त्यानंतर बराच काळ तिथे माझ्यासाठी चहा सांगितला जात नव्हता. या प्रकरणात लावलेले, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. आपलेही प्रसंग लिहावेत, उपदेश नकोत.

खारघरची सचिव
छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या आमच्या योजनेला एका काकांचा पहिल्यापासून विरोध होता आणि त्या योजनेसाठी सर्वांत जास्त धावपळ करणारी मीच होते. कार्यकारिणीच्या सभांचे इतिवृत्त त्यांना दाखवू नये, असा बहुतेकांचा आग्रह होता. सहकारी संस्था अधिनियमानुसार कोणत्याही सदस्याला ते कार्यालयात येऊन पाहता येते, असे सांगून मी दप्तर त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी ते बारकाईने वाचले आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत माझ्याच विरोधात इतके मुद्देसूद भाषण केले, की आम्हाला दरपत्रके नव्याने मागवावी लागली. पॅनेल अखेर बसली, काका मात्र अजूनही विरोधातच आहेत.

कोर्टनाक्यावरून
माझ्याच समाजाविषयी अत्यंत हीन बोललेल्या एका इसमाचे वकीलपत्र मी घेतले, तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे आणि अमुक आरोपीचा खटला कोणीही चालवू नये, असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले आहे. सासरेबुवांना हे पटले नाही. १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळकांची बाजू जिनांनी मांडली होती आणि चांगल्या वर्तणुकीचा जामीन देण्याचा टिळकांवरील आदेश तेथे रद्द झाला होता, हे सांगितल्यावर ते काहीसे निवळले. टिळक त्यांचे दैवत.

ऐरोलीच्या बाई
आमच्या वर्गातला एक मुलगा राष्ट्रगीताच्या वेळी ताठ उभा राहत असे, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे गात नसे. मी स्वतः ते खड्या आवाजात म्हणते आणि सर्वांनी म्हणावे, असे मला मनापासून वाटते. तरी त्याला काढून टाकण्याची मागणी घेऊन काही पालक आले, तेव्हा केरळमधील तीन भावंडांना याच कारणावरून शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरवले होते, हे मी मुख्याध्यापकांच्या निदर्शनास आणले. मुलगा शाळेत राहिला. गणितात मात्र कच्चाच होता.

कळवा लोकल
मग चिथावणी देणाऱ्यांचीही बाजू घ्यावी काय? मुंब्र्याला उतरेपर्यंत उत्तर मिळावे, ही विनंती.

कोर्टनाक्यावरून
नाही. कलम ६६-अ रद्द करणाऱ्या २०१५ च्या त्याच निकालात चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक केला आहे; पहिली दोन कितीही अप्रिय असली तरी त्यांना संरक्षण आहे, चिथावणीवर मात्र वाजवी निर्बंध घालता येतात. माझ्या अशिलाचे बोलणे नेमके कशात मोडते, यावरच आमचा वाद चालला आहे.

घोडबंदरकर
खारघरच्या ताई, इतिवृत्ताची प्रतही मिळते काय? आमच्याकडे नुसते पाहू देण्यासही नकार आहे.

खारघरची सचिव
पाहणे विनामूल्य आहे, प्रतीसाठी शुल्क भरावे लागते. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी. आमचे काका ती घेतल्याशिवाय कार्यालयातून हलत नाहीत.