बुलेटचा क्लच स्लिप होतोय, प्लेटा धुऊन चालतील की बदलायच्या?

मंडळी, वडिलांची १९८४ ची बुलेट ३५० आहे. कास्ट आयर्न इंजिन, उजवीकडे गिअर. परवा साताऱ्याहून वडिलांना मागे बसवून कासला निघालो आणि यवतेश्वरच्या घाटात गाडीनं दम सोडला. तिसऱ्यात ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही ओढत नाही. सपाटीला एकटा असलो तर जाणवतही नाही.

दुसरी खूण किकची. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून जरा पुढे सरकवायचं आणि मग किक, ही आमची लहानपणापासूनची शिकवण. आता किक लोण्यातून जावी तशी खाली जाते आणि काटा हलतसुद्धा नाही. या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाला पोचतो, म्हणून दोन्ही दुखणी एकच असावीत.

केबलला लिव्हरपाशी ३ मिलिमीटर मोकळीक दिली. गिअरबॉक्सवरचं छोटं झाकण काढून आतला ॲडजस्टरही जरा ढिला केला. फरक नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन महिन्यांपूर्वी चेनकेसमध्ये (डाव्या बाजूचा डबा, ज्यात क्लच आणि इंजिनाची चेन तेलात फिरते) घरात उरलेलं कारचं तेल ओतलं, तेल किती हवं ते दाखवणारा लेव्हलचा स्क्रू न उघडता. त्रास त्यानंतरचा. प्लेटा धुऊन भागेल का? क्लच मी कधी उघडलेला नाही, पण गाडी घरीच करायची आहे. वडिलांनी चाळीस वर्षं तिला स्वतःच्या हातानं जपलंय आणि कासची फुलं त्यांना याच गाडीवरून बघायची आहेत.

प्रतिसाद

दादा, नव्या प्लेटांची घाई नको. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचला चालत नाहीत. डावा फूटरेस्ट काढा, खाली ट्रे ठेवा, मधला एकच मोठा नट सोडला की चेनकेसचं झाकण येतं. स्प्रिंगचे तीन स्क्रू काढून प्लेटा ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा. पेट्रोलनं धुवा, पण उघड्यावर, आणि आसपास विडी-काडी नको. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून बघा. डुगडुगली तर ती बाद. घर्षणाच्या प्लेटा नुसत्या चकाकत असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. जळका वास किंवा झिजलेलं अस्तर असेल तर मात्र पूर्ण सेट, आणि स्प्रिंगा तिन्ही एकदम. तेल मोटरसायकलचंच, जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं, लेव्हल स्क्रूपर्यंत आणि थेंबही वर नाही.

मूळ प्रश्नकर्ता

काका, मनापासून आभार. आज उघडला. प्लेटा आरशासारख्या गुळगुळीत होत्या, अस्तर शाबूत. एक लोखंडी प्लेट वाकडी निघाली, तेवढी बदलली. स्प्रिंगा नव्या घातल्या. झाकणाचं रबर जुनंच आहे, खाली थोडं ठिबकतंय, ते उद्या आणतो. पण पहिल्याच किकला पायाला कंप्रेशन लागलं आणि काटा हलला. वडील ओट्यावरून उठून गाडीपाशी आले.