धोंडी आणि पाण्याचा धडा: चौथीच्या मुलांसाठी कसं बसवायचं?

चौथीची_ताई: जूनमध्ये शाळा उघडली की तीसेक मुलांकडून 'धोंडी धोंडी पाणी दे' करून घ्यायचंय, म्हणजे पाऊस लांबला की कडुलिंबाचा पाला बांधलेल्या 'धोंडी'ला पाटावरच्या बेडकासह दारोदार फिरवतात आणि घरोघरी तिच्यावर पाणी ओततात, ती प्रथा. पाणी वाया जायला नको, आणि धोंडी फिरवली म्हणून पाऊस आला असंही मुलांना वाटायला नको. कसं बसवू?

पारावरचा: बेडूक मातीचा करून पाटावर ठेवा. जिवंत नकोच, तो कातडीतूनही श्वास घेतो, ती सुकली की मरतो. धोंडीला सुती कपडे, कमरेला सुतळीने कडुलिंबाचे डहाळे. डोक्यावर पाला कमी, डोळ्यांवर येतो.

उभं राहिलं की पाय घसरतो, म्हणून धोंडीला मोठ्या टबात बसवा. दहा 'घरं' करा, प्रत्येक घराने मोजून २०० मिली ओतायचं, म्हणजे २ लिटर. मग टबातलं पाणी मोजा. ते कमीच भरतं! बाकीचं कुठे गेलं? मुलांना कपडे पिळू द्या, डहाळे झटकू द्या, जमीन बघू द्या. 'मुरलं', 'उडालं', 'सांडलं' हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या, आधी फळ्यावर लिहू नका. टबातलं पाणी झाडांना.

विहिरीचा_काठ: पुढचा प्रवेश जमिनीखालचा घ्या. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण आहे, तेव्हा सगळीकडे वाळू दाखवू नका. सहा जण हातभर अंतराने उभे, तो मुरूम. त्यांच्यामागे दहा जण खांद्याला खांदा लावून, मध्ये एकच फट. फटीच्या टोकाला खडूचं वर्तुळ, ती विहीर. बाकीचे थेंब. थेंबांनी पावलाला पाऊल लावूनच चालायचं, नाहीतर पळापळ होते आणि पाणी सावकाश मुरतं हेच हरवतं. विहीर भरली की दोन 'पंप' सोडा. ते दोन-दोन थेंब उपसतात, फटीतून येतो एकेक. विहीर का आटते ते मग समजावावं लागत नाही.

चौथीची_ताई: आणि पाऊस 'आणण्याचं' काय?

पारावरचा: गाऱ्हाण्यामागची काळजी खरी आहे, ते खोडू नका. पाऊस मोजायला लावा. सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा. तळ खोलगट-उंचवट्यांचा असतो, म्हणून खडे आणि पाणी घालून सपाट भागावर शून्याची खूण करा. भिंती-झाडांपासून लांब ठेवा, रोज सकाळी साडेआठला नोंद. धोंडीचा दिवस तक्त्यावर लाल करा, पण आधीचे-नंतरचे कोरडे दिवसही तितक्याच ठळकपणे भरा. १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. शाळेच्या छपरावर किती पडलं ते मुलंच काढतील.

विहिरीचा_काठ: तक्ता हस्त नक्षत्रापर्यंत चालू ठेवा. हादग्याच्या फेराच्या दिवशी जूनपासूनची बेरीज करता येईल.